हाइडेवरचा कावळा

बाबा फोनवर आले की पहिला प्रश्न ठरलेला असे, "वारा कुठला?"

दिलीपराव हवामान खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण सवय काही निवृत्त झाली नव्हती. पुण्यात कोथरूडच्या घरी बसून नेदरलँड्समधल्या वाऱ्याची चौकशी करून या माणसाला काय मिळतं, असं निहारला वाटायचं. वारा पश्चिमेचा, तब्येत बरी, घे आईशी बोल, एवढ्यावर त्यांचं बोलणं आटपायचं. बापलेकांत भांडण नव्हतं. बोलण्यासारखंही काही नव्हतं. मुलगा आयटीत, वडील आभाळात. विषय मिळाला तो गवतामुळे, आणि तोही करोनाच्या कृपेने.

दोन हजार वीसचा ऑक्टोबर असेल. निहारचं स्लोटरडाइकचं ऑफिस मार्चपासून बंद होतं आणि उइटहॉर्न गावातल्या घराच्या माळ्यावर, कपड्यांच्या दोरीखाली, नवं ऑफिस थाटलेलं होतं. दिवसभर मीटिंगा करून पाठ धरली. इथला फॅमिली डॉक्टर, म्हणजे हाउसआर्ट्स, गोळ्या लिहून देण्याच्या बाबतीत महाकंजूष माणूस. त्याने फोनवरच सांगून टाकलं, "चाला." मग निहार आणि त्याची बायको संहिता चालू लागले. पण त्याच चार गल्ल्यांतून आणखी किती फिरणार? शेजारचे आता आपल्याला चोर समजायला लागतील, असं संहिता म्हणाली आणि एका रविवारी दोघं गाडीने तासाभरावर, फेलुवे नावाच्या जंगलपट्ट्याच्या कडेच्या हाइडेवर गेले.

हाइडे म्हणजे वाळूवरचा उघडा माळ. त्यावर गुडघ्याइतकी झुडपं वाढतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या फुलांनी सगळी जमीन जांभळी होते, हे दोघांनी कॅलेंडरवर पाहिलं होतं. प्रत्यक्षात नजर जाईल तिथवर पिवळं गवत उभं होतं. वाऱ्यावर लवत होतं, दिसायलाही देखणं होतं. संहिताने फोटो काढला आणि "किती सुंदर" म्हणाली.

"सुंदर नाही. आजार आहे तो," जमिनीजवळून एक आवाज आला.

गुडघे टेकून एक साठीपुढची बाई गवताचे झुबके मुळासकट उपटत होती. ही यान्नेके. निवृत्त शिक्षिका, आणि या माळावरच्या स्वयंसेवकांची म्होरकी. तिने तिथल्या तिथे शिकवणी घेतली. गोठ्यांतून आणि गाड्यांतून हवेत जाणारा नायट्रोजन पावसाबरोबर इथे उतरतो. झुडपांना हलकी, उपाशी जमीन लागते, त्यांना ते खाणं सोसत नाही. गवताला मात्र मेजवानी मिळते. ते झुडपांना गिळत जातं आणि मग सरडे जातात, फुलपाखरं जातात, जमिनीवर घरटं करणारे पक्षी जातात. उपाय एकच. वरचा थर मुळांसकट खरवडून काढायचा, खालची वाळू उघडी करायची. वाळूत झुडपांचं बी वर्षानुवर्षं पडून असतं, ते उजेड दिसला की उठतं.

"यंत्रं आहेत," यान्नेके म्हणाली, "पण या ओल्या तुकड्यात ती रुततात. हातानेच करावं लागतं. पूर्वी आम्ही वीसजण यायचो. आता नियम आहे, एका वेळी दोघं, आणि तेही लांबून. किती दिवस पुरणार मी?"

निहारने काय मनात आणलं देव जाणे, त्याने तिच्या ढकलगाडीवरचं फावडं उचललं.

मग सगळा हिवाळा दर शनिवारी तो हाइडेवर. कर्फ्यू लागला तरी दिवसा जाता येत होतं. पाठीचं दुखणं पळालं, हातांना घट्टे पडले. आणि एका शनिवारी त्याने सहज बाबांना व्हिडिओ कॉल लावून खरवडलेली वाळू दाखवली, गोठ्यांची आणि गवताची गोष्ट सांगितली. दिलीपराव चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावून बसले.

"गोठे कोणत्या दिशेला आहेत?"

"नैर्ऋत्येला असावेत."

"मग वारा तिकडचाच असणार बहुतेक दिवस. ती बाजू आधी धर. तिथे गवत जास्त माजलं असेल बघ."

निहारने जाऊन पाहिलं तर खरंच होतं. त्या दिवसापासून म्हातारा या कामात गुंतला तो गुंतलाच. वारा कुठला, या प्रश्नाला पहिल्यांदा काही अर्थ आला. दुपारचं जेवण लवकर उरकून, निहारच्या आईला, सुहासिनीबाईंना, रिमोटवरचा हक्क सोडायला लावून, ते शनिवारी फोन धरून बसत. "शनिवारी यांना डुलकीही लागत नाही," सुहासिनीबाई मागून तक्रार करत. चाळिशीला आलेल्या निहारला वडील आवडायला लागले होते. असं काही होईल याची त्याला कल्पना नव्हती, आणि झालं याचं त्याला फार बरं वाटत होतं.

यान्नेकेचे नियम मोजके पण कडक होते. माळावर खाण्याचा कण सांडायचा नाही. सफरचंदाचं देठसुद्धा खिशात घालून घरी न्यायचं. वर आलेली पाइनची रोपं उपटून टाकायची, कारण उंच जागा मिळाली की कावळा तिच्यावर बसून टेहळणी करतो आणि जमिनीवरची अंडी हेरतो.

"इथे खायला मिळतं, हे कावळ्याला एकदा कळलं की तो विसरत नाही," ती म्हणायची. "आणि कोणी दिलं तेही विसरत नाही."

मार्चच्या मध्यावर काम थांबलं. विणीचा हंगाम सुरू झाला की माळावर फावडं चालवायचं नाही. एप्रिलमध्ये यान्नेकेचा फोन आला. ती इतकी हळू बोलत होती की निहारला वाटलं, कोणीतरी गेलं. वुल्पची जोडी आली होती. लांब, खाली वळलेल्या चोचीचा, मातकट रंगाचा हा पक्षी या माळावर कित्येक वर्षांत घरटं करायला आला नव्हता. आला तो नेमका निहारने खरवडलेल्या तुकड्याच्या कडेला. वाळूतल्या खळग्यात चार अंडी होती.

लांबवर लाकडी फळ्यांचा आडोसा उभा करून तिथे दुर्बीण ठेवली. पाळ्या लागल्या, आणि निहारलाही पाळी मिळाली. त्याने दुर्बिणीच्या काचेला मोबाइल लावून बाबांना ते दाखवलं. बसलेला पक्षी, त्याची चोच, वाऱ्याने पिसं उलटी होत होती ती.

"पिल्लं निघाली की दाखव," दिलीपराव म्हणाले. "मी झोपलो असलो तर उठव. आईला सांगून ठेवतो."

त्यानंतर आठच दिवसांत त्यांना ताप आला.

पुढचं काय सांगायचं? त्या एप्रिलमध्ये पुण्यात ज्या घरात जे झालं तेच या घरातही झालं. खाटेसाठी फोनाफोनी, ऑक्सिजनसाठी फोनाफोनी, मग हॉस्पिटलच्या दारातून आत गेलेला माणूस, आणि मग एक फोन. निहारची बहीण मंजूषा पुण्यातच होती, पण ती आणि तिचा नवरा दोघंही पॉझिटिव्ह, आपल्या घरात कोंडलेले. शेवटचं तोंड कोणालाच दिसलं नाही. अग्नी कोणी दिला तेही नीट कळलं नाही. भारतातून इकडे येणारी विमानं त्याच आठवड्यात बंद झाली. निहार गेला असता तर परत कधी येता आलं असतं, सांगता येत नव्हतं, आणि आई म्हणाली, "येऊन करशील काय? मलाही भेटता येणार नाही तुला. मी कोंडलेय." ती हे इतक्या कोरड्या आवाजात म्हणाली की निहारला फोन धरवेना.

तिचं घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. दहाव्याचा पिंड. घाट बंद होते. गुरुजींनी फोनवर तोडगा दिला, मुलगा जिथे आहे तिथे त्याने ठेवावा, आणि कावळा नाहीच आला तर दर्भाचा करून शिववावा.

"दर्भाचा नको," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्यांना कोणी पाणी पाजलं नाही, कोणी हात धरला नाही. निदान खरा कावळा तरी शिवू दे. त्यांचा जीव कशात अडकलाय ते कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

आणि खरंच, ती बाई चहाबिस्किटांवर दिवस काढत होती. निहारचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. पण आईचं वाळलेलं तोंड रोज स्क्रीनवर दिसत होतं. वाद कोण घालणार?

दहाव्या दिवशी सकाळी संहिताने भात केला, काळे तीळ घातले, वर दही घातलं. निहारने परसातल्या टेबलावर पिंड ठेवले आणि आईला दिसेल असा फोन टेकवून उभा केला. आधी एक छोटा, करड्या मानेचा पक्षी आला. "कावळ्याचं पिल्लू आहे का रे?" आईने आशेने विचारलं. "डोळे पांढरे कसे याचे?" तो कावळ्याच्या जातीतलाच, पण कावळा नव्हे. तो शिवायचा की नाही या विचारात असतानाच वरून पांढरा, कोंबडीएवढा सीगल धप्पकन टेबलावर उतरला आणि दोन घासांत पिंड, तीळ, दही, पत्रावळ म्हणून ठेवलेला कागद, सगळं घेऊन उडाला. आई फोनवर रडायला लागली.

"माझ्या माहितीत कावळे आहेत," निहार म्हणाला. "आई, थांब. तासाभरात फोन करतो."

संहिताने उरलेला भात डब्यात भरून दिला. तिने एवढंच विचारलं, "तिथे चालेल ना रे?" आणि निहारने गाडीची किल्ली उचलत सांगितलं, "घरटं दुसऱ्या टोकाला आहे."

घरटं दुसऱ्या टोकाला होतं हे खोटं नव्हतं. गाड्या लावायच्या जागेजवळ, माळाच्या अगदी कडेला, एक तोडलेला बुंधा होता. शेजारच्या खासगी जमिनीत एक पाइन शिल्लक होता आणि त्यावर दोन कावळे नेहमी बसलेले असत. धिप्पाड, चोचीपासून नखांपर्यंत काळेकुळकुळीत. निहारने बुंध्यावर पिंड ठेवले, दहा पावलं मागे सरला आणि फोन वर धरला.

कावळ्यांनी खाली पाहिलं, पण हलले नाहीत.

"बोल त्यांच्याशी," आई म्हणाली. "शब्द दे."

"बाबा, आईला मी सांभाळीन."

काही नाही.

"मंजूताईला काही कमी पडू देणार नाही."

एका कावळ्याने चोच फांदीला घासली.

"दोन वर्षांत पुण्याला परत येईन. कायमचा." हे कावळ्यांनाच काय, फोनवरच्या आईलाही खरं वाटलं नसावं. वारा सुटला होता, पिंडावरचे तीळ उडत होते, आणि निहारला एकदम आठवलं की या वाऱ्याबद्दल विचारणारं आता कोणी नाही. त्याने बाहीने डोळे पुसले. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"बाबा," तो म्हणाला, "वारा नैर्ऋत्येचा आहे. पिल्लं निघाली की तुम्हाला दाखवीन. नक्की दाखवीन."

कावळा उतरला. बुंध्याच्या कडेवर बसला, मान तिरकी करून निहारकडे नीट पाहिलं आणि पिंडाला चोच लावली. मग दुसराही आला.

"शिवला," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "बघ, माणसाचं कसं असतं. माझ्यात नव्हता हो जीव अडकला. पक्ष्याच्या पिल्लांत अडकला होता." त्या दिवशी त्यांनी वरणभात खाल्ला. मंजूषाने तसा मेसेज केला आणि निहारचा जीव भांड्यात पडला. बुंध्यावर शीतही उरलं नव्हतं. त्याने हात जोडले आणि घरी येऊन तो संध्याकाळपर्यंत झोपला.

दोन दिवसांनी त्याची आडोशाची पाळी होती. गाडीतून उतरला तर कुंपणाच्या खांबावर कावळा बसलेला. उडाला नाही. निहारला भरून आलं. या माणसाला पुण्यात कोणी सांगितलं असतं की तू एका डच कावळ्याला नमस्कार करशील, तर तो पोट धरून हसला असता. पण त्याने केला. तो चालू लागला तसा कावळाही निघाला. थोडं उडायचं, खाली बसायचं, वाट बघायची, पुन्हा उडायचं. मागून दुसराही आला. निहारला एकटं वाटेना. बाबा येतायत पिल्लांची जागा बघायला, असा एक वेडा विचार मनात आला आणि त्याने तो घालवून दिला नाही. माळभर तो त्यांना मागे घेऊन चालला, अगदी आडोशापर्यंत.

कावळे आडोशाच्या फळीवर बसले. इथे तर माणूस थांबला, म्हणजे इथे काही मिळणार. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. डबा उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

तेव्हा निहारला यान्नेकेचं वाक्य आठवलं.

एक कावळा उडून घरट्यासमोर उतरला. बसलेली मादी उठली नाही, नुसती मान ताणून राहिली. नर ओरडत आला आणि कावळ्यावर तुटून पडला. अजूनही निभावलं असतं कदाचित. पण निहारला राहवलं नाही. तो आडोशातून बाहेर पडला आणि हात हलवत, मराठीत ओरडत घरट्याकडे धावला. कावळे त्याला भ्याले नाहीत. तो त्यांच्या ओळखीचा होता. भ्याली ती मादी. ती उठली आणि उडाली, आणि तो पोचायच्या आत दुसऱ्या कावळ्याने खळग्यात चोच घातली.

निहार पोचला तेव्हा वाळूवर कवचं पडली होती आणि एका कवचाला ओलं, मिटलेलं काहीतरी चिकटलं होतं. त्याला चोच फुटलेली दिसत होती, अजून सरळ. वर दोन्ही वुल्प घिरट्या घालत ओरडत होते. तो खाली बसला आणि उठलाच नाही.

यान्नेकेला त्यानेच फोन केला आणि ती आल्यावर त्यानेच सांगितलं. वडील, भात, बुंधा, सगळं. तिने मास्क लावलेला होता, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "मी जागा दाखवली असती. गावच्या तळ्यावर हवे तितके कावळे आहेत."

विचारायला हवं होतं हे निहारला आता इतकं स्पष्ट दिसत होतं की लाज वाटायलाही उशीर झाला होता.

"पुन्हा घालतील अंडी?"

"क्वचित घालतात. इथे नाही घालणार." तिने कवचं पिशवीत भरली. "एक सांगते, राग मानू नकोस. तू आता इकडे येऊ नकोस. तू दिसलास की ते मागे येणार. चंडोलांची घरटी आहेत अजून."

"हिवाळ्यात? गवत काढायला?"

"हिवाळ्यातही ते इथेच असतात," यान्नेके म्हणाली. पिशवी घेऊन ती चालू लागली. थोडं पुढे जाऊन थांबली, वळली आणि म्हणाली, "वडिलांचं ऐकून वाईट वाटलं." मग गेली.

तेराव्या दिवशी सकाळी तिने सगळ्या स्वयंसेवकांना एक मेल पाठवला. आमच्या माळावरचं घरटं गेलं, एवढंच एका ओळीत. कोणाचं नाव नव्हतं, कारणही नव्हतं. खाली दुसऱ्या कुठल्या तरी हाइडेवरचा फोटो होता, तिकडे वुल्पची पिल्लं निघाली होती. झुडपांच्या मुळाशी दोन ठिपकेदार गोळे, लांबच लांब पाय, चोची अजून आखूड.

दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून बसली होती. मागे कपाटावर बाबांचा फोटो, त्याला हार. मंजूषाने कोणाच्या तरी हाती गोडाचं जेवण पाठवलं होतं. आई दोन आठवड्यांत पहिल्यांदा माणसात आल्यासारखी दिसत होती.

"त्या कावळ्यांना रोज घास ठेवत जा रे," ती म्हणाली. "आता ओळखीचे झालेत ना?"

"हो. ओळखीचे झालेत."

"आणि पिल्लांचं काय? ह्याच सुमारास निघायची होती ना? तू शब्द दिलायस त्यांना. त्यावरच तर शिवला."

निहारने संहिताकडे पाहिलं. ती माळ्याच्या जिन्यावर उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तिने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही.

त्याने यान्नेकेचा फोटो आईला पाठवला.

"अगं बाई," सुहासिनीबाई म्हणाल्या. "किती गोड. हीच का ती?"

"हीच."

त्या उठल्या. फोन हातात घेऊन हळूहळू कपाटाजवळ गेल्या. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग पंखा, मग बाबांचा चेहरा, अगदी जवळून, चष्म्यासकट. आईने फोन फोटोसमोर धरला.

"बघा हो," ती म्हणत होती. "निघाली पिल्लं. निहारने दाखवली बरं का. आता मोकळे झालात तुम्ही." आणि मग, फोन तसाच धरून, "निहार, वारा कुठला आहे रे? हे विचारतील."

निहार उठला. माळ्याची खिडकी उघडून त्याने हात बाहेर काढला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. समोरच्या घराच्या धुराड्यावर कावळा नव्हता, काहीच नव्हतं.

"नैर्ऋत्येचा," तो म्हणाला.